फळ्यावरचं गाणं

९ ऑगस्ट

प्रिय शिट्टी,

पाकीट फोडून आधी खालची सही बघितलीस ना? मीच आहे. आई ठणठणीत आहे, घाबरू नकोस. कालच शेजारणीशी कचऱ्याच्या डब्यावरून भांडली आणि जिंकून आली.

फोन करायचा सोडून हिला पत्राचं काय सुचलं, असं म्हणत असशील. फोनवर आपलं बोलणं ते किती! मी ‘हॅलो’ म्हणते, तू ‘आईला दे’ म्हणतोस. एकोणीस वर्षांत त्यापुढे गाडी गेलेली नाही. पत्रात निदान तू मला मध्येच तोडू शकत नाहीस.

तर काम असं आहे. येत्या २८ सप्टेंबरला फादरना जाऊन वर्ष होईल. रविवार आहे. त्या दिवशी चर्चमध्ये त्यांच्या आठवणीची मिस्सा, म्हणजे मोठी उपासना ठेवली आहे. नव्या फादरांनी ठरवलंय की त्या मिस्सेला फक्त जुन्या फादरांनी रचलेलीच गाणी म्हणायची. नवे फादर तरुण आहेत. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण माणूस सरळ. मला म्हणाले, ‘त्यांच्या गाण्यांच्या वह्या तेवढ्या आणून द्या.’ मी म्हटलं, ‘वह्या नाहीत.’ त्यांना वाटलं बाई चेष्टा करतेय.

मग त्यांना संगीताच्या खोलीत नेलं आणि तो फळा दाखवला. पांढऱ्या ऑइलपेंटने पाच-पाच रेघा मारलेला. सांगितलं, हीच त्यांची वही. आठवडाभर फादर आमच्याकडे पाठ फिरवून यावर गाणं रचायचे. एक खडू हातात, एक तोंडात. पेपरमिंट समजून चावायचे तो, कळलं की थुंकायचे, आणि झगा मागून पुढून पांढरा. शनिवारी संध्याकाळी मी बसून प्रत्येकाची ओळ वेगळ्या कागदावर उतरवायची. उंच गळ्याच्या सोप्रानोला सोप्रानोची, खर्जातल्या बेसला बेसची. रविवारी गाणं म्हणायचं, आणि सोमवारी सकाळी सहावीचा वर्ग आला की फळा साफ. सगळं गाणं एका कागदावर कधी लिहू दिलं नाही त्यांनी. म्हणायचे, ‘दुसऱ्याची ओळ डोळ्यांना दिसली की कान सुट्टीवर जातात.’

म्हणजे त्यांचं तीस वर्षांचं संगीत आता लोकांच्या घराघरात पडलंय, आणि मी दारोदार हिंडून ते गोळा करतेय. बेकरीवाल्याने बेसचे सगळे कागद नीट ठेवलेत, फक्त हात लावला की पीठ उडतं. शिंपीणबाई सोप्रानो. त्यांनी तीन गाण्यांच्या कागदांतून बाहीचे नमुने कापले होते. आम्ही दोघींनी जमिनीवर बसून ते जोडले. एक बाही अजून सापडायचीय.

सगळ्यांना म्हणायचंय ते मात्र एकच गाणं. बिशप आले होते त्या रविवारचं. फादरनी त्यानंतर ते कधी काढू दिलं नाही, तरी बेकरीवाला म्हणतो त्याहून चांगलं त्यांनी काही रचलंच नाही. त्याची सोप्रानो, अल्टो आणि बेस मिळाली. टेनर तू होतास, ती ओळ तुझ्याकडे आहे. तू तो कागद खिशात घालूनच गेलास, मी पाहिलं होतं.

तो पाठव. माझ्या घरच्या पत्त्यावर पाठव, चर्चच्या नको, तिथे टपाल इकडचं तिकडे होतं. जुनं काही उगाळत बसायला नको. झालं ते झालं.

तुझी ताई

ता. क. मूळ कागदच पाठव. फोनवर फोटो काढून कुणाला पाठवू नकोस. फोटोत बारीकसारीक नीट दिसत नाही.


२३ ऑगस्ट

प्रिय शिट्टी,

दोन आठवडे झाले. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला पोस्टात जायला वेळ नाही, असं मी समजून घेतलं असतं, पण तू परवा आईशी पाऊण तास बोललास. तुझ्या लेकीच्या दातांना तार बसवली हे मला आईकडून कळतं. आत्याला पोरीच्या दातांची खबर अशी उडत उडत मिळावी!

काल संगीताच्या खोलीतली कपाटं आवरली. खोलीबाहेरच्या जिन्याकडे बघत बसले थोडा वेळ. आठवतो ना तो धडा? आठ पायऱ्यांवर आठ मुलं उभी करायचे आणि फादर खालून छडीने ज्याच्या पायाशी ठोकतील त्याने आपला सूर लावायचा. तू सर्वांत वरच्या पायरीवर, साडेसहा वर्षांचा. सूर लावायच्या ऐवजी शिट्टी वाजवलीस. आता कान पिळणार असं वाटलं, तर फादर म्हणाले, ‘शिट्टी सुरात आहे. पुन्हा वाजव.’ त्या दिवसापासून तुझं बारशाचं नाव आईखेरीज सगळे विसरले.

रागीट होते, पण मनात काही ठेवायचे नाहीत. खडू फेकून मारायचे आणि मग तोच खडू शोधत फिरायचे. म्हणून सांगते, त्या रविवारचंही तू इतकं मनाला लावून घ्यायला नको होतंस. खाली बिशप बसलेले. पहिलं कडवं संपलं, फादर ऑर्गनवर मधला तुकडा वाजवत होते, तेवढे आठ खाने, तालाची आठ आवर्तनं, सगळ्यांनी गप्प राहायचं आणि मग टेनरने एकट्याने सुरू करायचं. तू सातच खाने थांबलास आणि एक खाना आधी सुरू केलंस. खणखणीत. बाकीचे तुझ्या मागून घुसले, ऑर्गन एकीकडे, आपण एकीकडे, आणि सगळा बट्ट्याबोळ. होतं असं. चूक माणसाकडूनच होते.

फादर बाकावरून वळून जे ओरडायचं ते ओरडले. ‘ज्याला आठपर्यंत मोजता येत नाही, तो वेदीवर काय उभा राहणार!’ चर्चभर ऐकू गेलं. बिशप तुलाच बघायला आले होते. आईने तू जन्मलास तेव्हाच तुला देवाला देऊन टाकलं होतं, जूनमध्ये पाद्री व्हायला सेमिनरीत जायची तुझी पेटीसुद्धा भरून झाली होती. आणि बिशप जाताना आईला म्हणाले, दोन वर्षं थांबू या, मुलगा जरा पोक्त होऊ दे. आईने अंथरूण धरलं. दहाव्या दिवशी तू लिफ्टच्या कंपनीत लागलास, पार तिकडे.

तुला एक सांगायचं राहिलंय. त्यानंतर फादर कधीही ओरडले नाहीत. आम्हांला आधी वाटलं, सुटलो. पण ओरडणारे फादर बरे होते रे. तालीम बिघडली की ते नुसते खिडकीबाहेर बघत राहायचे आणि आम्ही आपणहून परत पहिल्यापासून सुरू करायचो. दर नाताळाला मला एकटीला गाठून विचारायचे, ‘शिट्टीचं काही पत्र?’ मी नाही म्हणायची. ‘बरं,’ म्हणायचे.

त्यांनी तुला केव्हाच माफ केलं होतं.

हे वाक्य लिहिलं, उठले, सगळी भांडी घासली, पुसून जागेवर लावली. आता परत बसलेय. पुढे काय लिहावं सुचत नाही. कागद पाठव.

तुझी ताई


५ सप्टेंबर

शिट्टी,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दीड ओळ. ‘कागद माझ्याकडे आहे. तो तुलाच आणि मूळच का हवा ते खरं सांग, मग पाठवतो.’ खाली सहीसुद्धा नाही.

असा राग आला म्हणून सांगू! तीन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडले. तुझ्या भावोजींना म्हटलं, ‘बघा, याची मिजास बघा.’ ते म्हणाले, ‘मग सांग ना त्याला का हवाय ते.’ मी उठून दुसऱ्या खोलीत गेले. कारण त्यांनाही मी कधी सांगितलेलं नाही.

तर ऐक.

तू बरोबर मोजलंस. कागदच चुकीचा होता, आणि कागद मी लिहिला होता.

त्या शनिवारी फादरनी मधला तुकडा वाढवला. आधी सहा खान्यांचा होता, बिशपना वेदीपासून खुर्चीपर्यंत चालत जायला वेळ हवा म्हणून आठ केला. फळ्यावर दोन खाने घुसवले, दाटीवाटीने, आणि मला म्हणाले, ‘तालमीची भानगड नको. तुझ्या कागदावर आठ असले की झालं, सगळे कागद बघून मोजतील.’ मी अल्टो उतरवली, आठ. सोप्रानो, आठ. बेस, आठ. टेनर शेवटी. आणि त्या वेळी ऑर्गनचा भाता फाटलेला म्हणून शिवायला एक जण आला होता. गुडघ्यावर चामडं घेऊन बसलेला, तोंडात सुई, आणि तसंच सुई तोंडात धरून त्याने मला विचारलं की ‘तुम्ही रोज येता का इथे?’

हसू नकोस. तेच आज तुझे भावोजी आहेत.

मी सात खाने लिहिले आणि वर शाई वाळवायला फुंकर मारली.

मला कळलं कधी, ते विचार. कितीतरी दिवसांनी नाही. तिथेच. फादर तुझ्यावर ओरडत होते तेव्हा अल्टोचा कागद माझ्या हातात होता. मी मोजलं, आठ. तुझ्या हातातला कागद मला तिरका दिसत होता. मोजलं, सात. तुझे कान लाल झालेले. तू माझ्याकडे एकदा बघितलंस. नुसतं तोंड उघडायचं होतं मला. ‘फादर, माझी चूक’, तीन शब्द. पण खाली बिशप, आई मान खाली घालून बसलेली, आणि तो ऑर्गनवाला मागे उभा. मी मूग गिळून बसले. म्हटलं मिस्सा संपली की सांगू. मग म्हटलं बिशप गेले की सांगू. मग आई आजारी. मग तू गेलास, आता सांगून काय उपयोग. एकदा राहिलं की राहिलंच.

चौकात उभं राहून कबूल करायची हिंमत नव्हती, पण आपल्यात त्याला जागा केलेली आहे ना! जाळीच्या पलीकडे पाद्री, अलीकडे आपण, चार शब्द कुजबुजायचे, सुटलो. पण जाळीच्या पलीकडे फादरच. म्हणून मी पापनिवेदनाला दोन बस बदलून नदीपलीकडच्या चर्चला जायला लागले. आणि तिथे जाऊन सांगायची काय, तर सासूवर चिडले, उपासाला खाल्लं. खरं ते तिथेही नाहीच. फादरना माझं तिकडे जाणं माहीत होतं. एकदा म्हणाले, ‘तुझी पापं फार प्रवास करतात गं.’ मी हसले. घरी येऊन रडले.

मागच्या वर्षी ते अंथरुणाला खिळले तेव्हा चार दुपारी मी उशाशी बसले होते. रोज ठरवून जायची. चौथ्या दुपारी ते म्हणाले, ‘तुला काही सांगायचंय का?’ मी म्हटलं, ‘नाही फादर, तुम्ही झोपा.’ त्यांनी डोळे मिटले. दोन दिवसांनी गेले.

कागद मला यासाठी हवा होता. हळूच नवा लिहून टाकायचा, आठ खान्यांचा, आणि जुना जाळायचा. माझं अक्षर सगळे ओळखतात. म्हटलं फादर गेले, हा एक कागद गेला की कुणाला काही कळणार नाही.

आता तू कागद पाठवू नकोस. चर्चमध्ये लावलास भिंतीवर तरी चालेल. तुझं आयुष्य मी एका खान्याने वाकडं केलं, आणि वर दोन पत्रांत तुलाच समजावत बसले की चूक माणसाकडूनच होते. लाज वाटते रे. मला माफ कर असं लिहायचंय, पण ते मागायला मला तोंड उरलेलं नाही. तरी मागते.

ताई


१४ सप्टेंबर

अरे गाढवा, अरे लबाडा, अरे माझ्या राजा,

पत्र मिळालं. पाच पानं! दारातच उभी राहून वाचलं, मग आत येऊन वाचलं, मग भावोजींना मोठ्याने वाचून दाखवलं आणि मध्येच माझा आवाज गेला म्हणून उरलेलं त्यांनी मला वाचून दाखवलं. तू सुईवरून माझी चेष्टा केलीस त्या जागी आले तेव्हा थांबून म्हणाले, ‘मी खरंच असं विचारलं होतं?’ मी म्हटलं, ‘विचारलं होतं, आणि बघा काय होऊन बसलं.’

तुला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं! शिंपीणबाईंच्या कागदाशी ताडून पाहिलंस आणि गप्प बसलास! एकोणीस वर्षं! आणि मी इथे दर रविवारी स्वतःला फासावर चढवतेय!

रागावला होतास, सहा महिने, असं लिहिलंस. बरं केलंस. रागवायलाच हवं होतं. पण त्यापुढचं मी दहादा वाचलं. ‘ताई, मला पाद्री व्हायचंच नव्हतं. पेटी भरताना रोज वाटायचं, आपल्याला ताप यावा, पाय मोडावा. आईला सांगायची छाती नव्हती. बिशप म्हणाले दोन वर्षं थांबा, तेव्हा मला रडू आलं ते लोकांना वाटलं अपमानाने. मी सुटलो म्हणून रडत होतो.’

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला या वयात कळलं. तिथेच जमिनीवर बसले, आणि हसत सुटले. आई स्वयंपाकघरातून ओरडली, ‘कोण मेलं?’ मी म्हटलं, ‘कुणी नाही गं, कुणीच नाही मेलं.’

आणि फादर. तू जायच्या आदल्या दिवशी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलास, हे मला कधी स्वप्नातसुद्धा आलं नाही. त्यांनी भिंग लावून तीनदा मोजलं, बाकावर बसले आणि म्हणाले, ‘येत्या रविवारी सगळ्यांपुढे तुझी माफी मागतो.’ आणि तू त्यांचे पाय धरलेस की नका मागू, माफी मागितलीत तर मला सेमिनरीत जावं लागेल! काय चेहरा झाला असेल त्यांचा! ‘तुला नको होतं तर मला का नाही सांगितलंस?’ ‘तुम्ही विचारलंच नाहीत, फादर.’ हे वाचून मी उठून खिडकीशी गेले. माणूस तेव्हापासून का ओरडेनासा झाला ते एका ओळीत समजलं. मला इतकी वर्षं वाटत होतं की तुला घालवल्याचं दुःख. तसं नव्हतं ते. फादर आधी विचारायला शिकले होते.

त्यांना माझं अक्षर माहीत होतं. म्हणजे माझी चूक त्यांना माहीत होती. तू म्हणालास, ‘ताईला सांगू नका, ती लिहायचं सोडेल’, आणि त्यांनी शब्द पाळला. पुढच्याच शनिवारी फळ्यावर रिकाम्या खान्यांच्या डोक्यावर हा एवढा मोठा आकडा घालून ठेवलेला होता, आणि तेव्हापासून कायम. मला वाटायचं, डोळे अधू झाले म्हणून स्वतःसाठी घालतात. आकडा माझ्यासाठी होता! एकदाही बोलले नाहीत. एकदाही दुसऱ्या कुणाच्या हातात लेखणी दिली नाही. दर शनिवारी ‘ये गं, बस’ म्हणायचे आणि अख्खं गाणं माझ्या हवाली करून चहा प्यायला निघून जायचे. मी ज्यांच्यापासून लपत होते त्यांनी मला केव्हाच पदरात घेतलं होतं. मला फक्त एवढंच वाईट वाटतं की चौथ्या दुपारी त्यांनी विचारलं तेव्हा मी हो म्हटलं असतं तर आम्ही दोघं मिळून हसलो असतो. तेवढं राहिलं. ते आता राहणारच.

तू एक लिहिलंस त्याचं उत्तर देते. ‘आईला आणि घराला तुझ्या गळ्यात टाकून मी पळालो, तू चिडली असशील, म्हणून फोनवर तुझ्याशी काय बोलावं कळायचं नाही.’ अरे, मी चिडलेय असं वाटून तू गप्प, तू चिडलायस असं वाटून मी गप्प. एका आईची दोन शहाणी लेकरं!

‘आता कुणाला काही सांगत बसू नकोस’ असं बजावलंस. सॉरी, सांगून झालं. परवाच्या तालमीत सगळे जमले तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, ‘बिशप आले होते त्या रविवारी चूक माझ्या भावाची नव्हती. मी कागद चुकीचा लिहिला होता.’ सगळे माझ्याकडे बघतायत. बेकरीवाला शेवटी म्हणाला, ‘कुठली चूक?’ शिंपीणबाई म्हणाल्या, ‘बिशप आले होते त्या दिवशी वीज गेली होती ना?’ ‘ते दुसरे बिशप,’ बेकरीवाला म्हणाला. मग त्यांचंच जुंपलं. शिट्टी, कुणाला आठवत नव्हतं! एकालाही नाही! मी खाली बसले. आता टेनर म्हणतात त्या शाळामास्तरांनी मला पाणी आणून दिलं.

आईला मात्र आठवत होतं. तिला घरी सांगितलं, सगळंच, तुला पाद्री व्हायचं नव्हतं तेसुद्धा. भाजी चिरत होती, चिरत राहिली. मग म्हणाली, ‘मेल्याने तोंड का नाही उघडलं?’ मी म्हटलं, ‘तू उघडू दिलं असतंस?’ तिने विचार केला. ‘नाही,’ म्हणाली. सुरी धुतली, जागेवर ठेवली. जेवताना आपणहून म्हणाली, ‘लिफ्टवालाच आहे ना? लोकांना वर न्यायचं काम करतोय. देवाला चालेल.’

कागद पत्रासोबत मिळाला. खरंच सातच आहेत. माझं अक्षर तेव्हा चांगलं होतं.

आता तूच ये. ‘नक्की सांगत नाही, त्या आठवड्यात माझी रात्रपाळी आहे, जमलं तर रविवारी सकाळच्या गाडीने’ असं अर्धवट लिहिलंयस. मिस्सा दहाला. नाहीच आलास तर तुझी ओळ शाळामास्तर म्हणतील, आवाज बरा आहे. पण ती तुझ्या गळ्यासाठी रचलेली आहे, त्यांच्या नाही.

तुझी ताई


३० सप्टेंबर

प्रिय शिट्टी,

पोचल्याचा फोन आला, बरं वाटलं. लेकीचे दात मी स्वतः बघितले, काही वाकडे नव्हते, उगाच खर्च केलास. वहिनी मात्र सोनं आहे. आईशी वाद घालून जिंकली, हे या घरात प्रथमच घडलं.

तरी पत्र लिहितेय, कारण एक गोष्ट तुला माहीत नाही. घरात इतका गोंधळ होता की सांगायची राहिली. तू तेव्हा जिन्यात होतास.

गाडी नऊची, दहा वाजले, पत्ता नाही. सव्वादहा. मिस्सा सुरू झाली. तुझ्या फोनला रेंज नाही. मी वर माडीवर ऑर्गनशी बसलेली, आता वाजवायचं काम माझ्याकडेच असतं. दर दोन मिनिटांनी मान वळवून दाराकडे बघतेय, बेकरीवाला कुजबुजतोय, ‘पुढे बघा, पुढे बघा.’ प्रवचनात नवे फादर चांगलं बोलले. म्हणाले, मी त्यांना भेटलो नाही, पण गेला महिनाभर ज्याच्या-त्याच्या घरी त्यांचं गाणं सापडतंय.

कम्युनियनचा प्रसाद वाटून झाला. नव्या फादरांनी खालून खूण केली. आता थांबणं शक्य नव्हतं. आम्ही पहिलं कडवं म्हटलं. एकोणीस वर्षांनी सगळे सूर एकत्र ऐकले. बेकरीवाल्याचं खरं आहे, त्याहून चांगलं त्यांनी काही रचलेलं नाही. कडवं संपलं आणि मी मधला तुकडा वाजवायला घेतला. एक, दोन, तीन. शाळामास्तर कागद घेऊन पुढे सरकले. पाच, सहा. मनात म्हटलं, ठीक आहे, नाही जमलं त्याला, निदान आपलं बोलणं तरी सुरू झालं. सात. मास्तरांनी श्वास घेतला.

आणि खाली जिन्याचं दार वाजलं.

मी मास्तरांकडे बघून मान हलवली, नाही. ते तसेच उभे, श्वास छातीत भरून, बिचारे. आठवा खाना संपला आणि मी परत पहिल्यापासून सुरू केलं. शिंपीणबाई माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागल्या. पुन्हा आठ. जिन्यावर बूट वाजतायत, पण मध्येच थांबले. का थांबलास रे? वाटलं असेल, आपली जागा गेली. मी जरा जोरात वाजवायला लागले. अजून गेली नाही, ये, वर ये. तिसऱ्यांदा आठ. खाली आई मान उंचावून बघत होती. चौथ्यांदा सुरू केलं. मला ठाऊक होतं की मी संध्याकाळपर्यंत वाजवत राहीन, बिशप येऊ देत नाहीतर पोप.

मग जिन्यातूनच तुझा आवाज आला. धाप लागलेली, तरी खणखणीत. मागून सगळे अलगद आत आले, एकही सूर इकडचा तिकडे नाही.

मिस्सा झाल्यावर नवे फादर वर आले. म्हणाले, ‘सुंदर. फक्त तो मधला ऑर्गनचा भाग जरा लांबला, नाही का?’ मी काही बोलायच्या आत बेकरीवाल्याने पुढे होऊन सांगितलं, ‘फादरनी तसंच लिहिलंय.’ शिंपीणबाई म्हणाल्या, ‘हो, तसंच.’ फळा कोण तपासणार होतं!

काल शाळामास्तरांनी एक मोठा कागद आणून दिला. म्हणाले, आता सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक लिहून ठेवा, पुढच्यांना हवं. फादरना आवडलं नसतं, पण लिहायला बसले. सोप्रानो झाली, अल्टो झाली. टेनरपाशी आले, गप्प राहायच्या खान्यांवर आकडा घालायचा होता. लेखणी बुडवली. पण आकडा नाही घातला. लिहिलं, ‘टेनर येईपर्यंत.’

तुझी ताई